रविवारची मराठी

रविवारी संध्याकाळी साडेसहा वाजले की चारकोपच्या आमच्या घरातील दूरदर्शन संच बंद होतो, दिवा लावून झालेला असतो आणि आम्ही दोघे भ्रमणध्वनी समोर ठेवून जेवणाच्या टेबलाशी बसतो. त्या वेळी न्यू जर्सीत सकाळचे आठ वाजलेले असतात. (उन्हाळ्यात तिकडची घड्याळे एक तास पुढे सरकतात, मग आमचा हा कार्यक्रम साडेपाचला होतो.) पडद्यावर प्रथम अण्णांचे कपाळ दिसते, मग चष्मा, मग कोणीतरी नातवंड येऊन यंत्र सरळ धरते आणि पूर्ण अण्णा दिसू लागतात. अंगात इस्त्रीचा सदरा असतो, कारण दहा वाजता त्यांची शाळा असते. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत, दर रविवारी दोन तास, अण्णा सहा ते दहा वर्षांच्या चौदा मुलांना मराठी शिकवतात.

अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. चाळीस वर्षांपूर्वीचे महापालिका शाळेतील मराठीचे शिक्षक. आज वय वर्षे चौऱ्याहत्तर. चार वर्षांपूर्वी दादाने, म्हणजे आमच्या थोरल्या भावाने, आई-अण्णांसाठी ग्रीन कार्ड काढले आणि तेव्हापासून वर्षातले नऊ-साडेनऊ महिने दोघे तिकडे असतात. डिसेंबरच्या सुरुवातीला चारकोपला येतात, फेब्रुवारी संपता संपता परत जातात. अण्णा याला 'रजेवर येणे' म्हणतात. प्रथम त्यांनी हा शब्द वापरला तेव्हा आम्ही हसलो. पुढे, वर्गात शिकवण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील मिशनरींची चरित्रे चाळताना, तोच शब्द वेगळ्या अंगाने समोर आला. सात-आठ वर्षे नगर जिल्ह्यातील खेड्यांत काढल्यावर ती माणसे अमेरिकेला जात, तेव्हा ती रजेवरच जात. घर सोडून कामाला जायचे आणि कामाहून रजेवर घरी यायचे. प्रश्न इतकाच, की पन्नास वर्षांनी घर कोणते आणि काम कुठले, हे त्यांना तरी सांगता येत होते का?

हा लेख त्या प्रश्नाभोवती फिरणार आहे. तो आम्ही स्वतःहून विचारला नव्हता, आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आम्हांला त्यात ओढले. पण तिथे येण्याआधी थोडे चारकोपविषयी.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला आणि त्याखाली म्हाडाने कांदिवली पश्चिमेच्या टोकाला, खाडीच्या बाजूला, भूखंड पाडले. घर बांधून द्यायचे नाही, जागा, रस्ता, पाणी आणि मोरी-संडासाची सोय द्यायची, वरचे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे उभारायचे, अशी ती कल्पना होती. म्हणून चारकोपच्या पत्त्यात आजही सेक्टर, रोड, प्लॉट अशा आकड्यांची रांग असते. अण्णांना सोडतीत प्लॉट लागला तेव्हा इथे रिक्षावाले यायला तयार नसत. मागे तिवरे, पुढे चिखल आणि संध्याकाळी डासांचे राज्य. पहिल्या पावसाळ्यात आई म्हणाली होती, "हे काय, परदेशात आणून टाकलंत मला?" दापोलीकडच्या बाईला खाडी नवी नव्हती. पण शेजारी गुजराती, समोर उत्तर भारतीय, पलीकडे मंगळुरी, असे बारा गावचे शेजार मात्र तिला नवे होते. त्याच अंगणात पुढे तिने सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावले. आता मेट्रो डहाणूकरवाडीपर्यंत २०२२ मध्ये पोहोचली आणि पुढच्या वर्षी अंधेरीला जोडलीही गेली. बैठी घरे एकमजली, दुमजली झाली. आईचे पहिले परदेश हे असे हळूहळू स्वदेश झाले, आणि ते झाल्यावर तिला दुसरे परदेश मिळाले.

आता वर्गाकडे. आम्ही दोघेही उपनगरातील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. दोन वेगळी महाविद्यालये, पण परिस्थिती एकच: तृतीय वर्षाला मराठी घेणारे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके. गेल्या वर्षी आमच्यापैकी एकीच्या वर्गात नऊ होते. त्यांतील एक मुलगी गोराईची. सकाळी होडीने खाडी ओलांडून बोरिवलीला यायचे आणि तिथून बस, असा तिचा रोजचा प्रवास. ईस्ट इंडियन कॅथलिक घराणे, घरी बोलणे मराठीचेच, पण त्यांच्या खास वळणाचे.

अर्वाचीन गद्याच्या जडणघडणीत मिशनऱ्यांचा वाटा हा विषय चालू होता. या विषयावर प्रत्येक मराठी प्राध्यापकाजवळ एक तयार व्याख्यान असते, आमच्याजवळही आहे. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण', १६१६. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांचे १८१३ मधील मुंबईतील आगमन, कंपनी सरकारने त्यांना निघून जाण्याचा दिलेला हुकूम आणि तरीही त्यांचे राहणे. जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन यांनी १८२९ मध्ये कोकण किनाऱ्यावर हर्णै-बाणकोटला राहून केलेला मराठीचा अभ्यास. अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, १८४२ मध्ये सुरू झालेले 'ज्ञानोदय'. बाबा पदमनजींची १८५७ ची 'यमुनापर्यटन'. आणि शेवटी ठरलेला समारोप: हेतू धर्मप्रसाराचा होता, परंतु फळ मराठीच्या पदरात पडले. हे वाक्य सोयीचे आहे. त्यात आभारही मानता येतात आणि अंतरही राखता येते. विद्यार्थी ते लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात, आणि त्याला गुण मिळतात.

त्या दिवशी गोराईच्या मुलीने ते लिहून घेतले नाही. तिने विचारले, "मॅडम, 'मराठीच्या पदरात' म्हणजे कोणाच्या पदरात? आम्ही त्यात आहोत का?"

वर्ग गप्प झाला. ती पुढे म्हणाली, की तिचे पूर्वज पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, पण घरातली भाषा त्यांनी सोडली नाही. आजी मराठीत प्रार्थना म्हणते, लग्नातली गाणी मराठी आहेत. आणि तरी आडनाव सांगितले की लोक विचारतात, तू मराठी कशी काय घेतलीस? "मिशनरी मराठी कशासाठी शिकले ते आपण शिकतो. मी मराठी का बोलते हे मात्र मला रोज सांगावं लागतं."

त्या दिवशी तिला काही तरी उत्तर दिले गेले. ते आठवून सांगण्याच्या योग्यतेचे नव्हते. संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही दोघे त्यावर बोलत बसलो आणि आमच्या लक्षात आले, की इतकी वर्षे शिकवताना आम्ही मिशनऱ्यांच्या हेतूकडे पाहिले, त्यांच्या ग्रंथांकडे पाहिले. त्यांच्या जगण्याकडे, त्यांच्या साध्या आठवड्याकडे कधी पाहिलेच नाही. हेतू माणूस आयुष्यात एकदा जाहीर करतो. आठवडा मात्र त्याला पुन्हा पुन्हा जगावा लागतो. पन्नास वर्षांत असे सव्वीसशे आठवडे येतात आणि हेतूचे काय होते ते त्या आठवड्यांत ठरते.

मग आम्ही वाचायला घेतले. कॅथलिक पाद्री एकटा येई, प्रॉटेस्टंट मिशनरी बहुधा सपत्नीक येई. हा फरक साहित्याच्या इतिहासात आपण फारसा मोजत नाही. परंतु दांपत्य आले की संसार येतो, स्वयंपाकघर येते, मुले येतात, शेजारणी येतात. नगर जिल्ह्यातील अमेरिकन मराठी मिशनच्या दांपत्यांचा आठवडा साधारण असा दिसतो. रविवारी उपासना आणि मुलांची शाळा. इतर दिवशी सकाळी पंडिताबरोबर मराठी, मग शाळांची तपासणी, व्हरांड्यात औषधवाटप, बाईंच्या भोवती जमलेल्या बायका, शिवणकाम, तक्रारी, उसनवारी. आठवड्यातून एकदा विलायती डाक, म्हणजे बोस्टनच्या मंडळाला हिशेब आणि घरच्यांना पत्रे. थंडीचे महिने आले की तंबू बैलगाडीत टाकून गावोगाव दौरा. आणि या सगळ्यातून जाणारी एक दुखरी शीर म्हणजे मुले. शिक्षणासाठी ती अमेरिकेला पाठवायची, म्हणजे वर्षानुवर्षे त्यांचे तोंड दिसायचे नाही. आठवड्याच्या डाकेची वाट हिशेबासाठी पाहिली जात नसणार, हे कळायला संशोधन लागत नाही. रविवारी साडेसहाला टेबलाशी बसणाऱ्यांना ते आपोआप कळते.

रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना ह्यूमसाहेब परके नाहीत. त्यांनी नगरला ज्या सेमिनरीची स्थापना केली, तिथेच नारायण वामन टिळक शिकवीत. ह्यूम जन्मले मुंबईत, १८४७ साली. वडीलही मिशनरी. १८५४ मध्ये अमेरिकेला परतताना वडील वाटेतच, समुद्रावर वारले. आई मुलांना घेऊन अमेरिकेला पोहोचली. मुलगा तिथे वाढला, शिकला आणि १८७४ मध्ये पुन्हा इकडे आला. पहिली पत्नी १८८१ मध्ये गेली. १८८७ मध्ये त्यांनी केटी फेअरबँक यांच्याशी विवाह केला. त्या नेवाशाजवळच्या वडाळ्याच्या फेअरबँक घराण्यातल्या. त्यांचे वडील सॅम्युएल फेअरबँक धर्मोपदेशाइतकेच वनस्पती आणि पक्षी यांत रमलेले. पळणीच्या डोंगरांतील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही त्यांचे नाव आहे. ह्यूम पती-पत्नी नगरला राहिली ती १९२६ पर्यंत. बावन्न वर्षांच्या कामानंतर ह्यूम अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये वारले.

आता आपण 'परदेशात सेवा करणारे ज्येष्ठ दांपत्य' असे म्हणतो, तेव्हा या दोघांच्या बाबतीत परदेश कोणता धरायचा? जो माणूस भायखळ्याच्या आसपास जन्मला, ज्याची पत्नी मिशनच्या वडाळ्याच्या घरातली, ज्याने जगण्याचा मोठा भाग मराठी बोलण्यात घालवला, तो एकोणऐंशीव्या वर्षी बोट धरून निघाला तेव्हा तो घरी चालला होता की घर सोडून?

इथे भावुक होण्याचा धोका आहे आणि तो आम्हांला टाळायचा आहे. मिशनऱ्याजवळ बंगला होता, टांगा होता, पाठीशी साम्राज्याची सावली होती. नेमणूक करणे, पगार ठरवणे आणि शाळा बंद करणे त्याच्या हातात होते. दुष्काळात धान्य त्याच्या दारातून मिळे. अशा वेळी त्याने शिकलेल्या मराठीत आणि त्याच्यासमोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाच्या मराठीत समानता असू शकत नाही. हे आपण नव्याने शोधून काढलेले नाही, स्वतः टिळकांनीच ते ओळखले होते. मिशनऱ्यांवर प्रेम असूनही त्यांचे मायबापपण त्यांना सलत होते, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला तो या सलण्यातूनच. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तर साहेब आणि मडमा यांच्याकडे पाहण्याची नजर पूर्णपणे आपल्या बाजूची आहे: प्रेमळ, तिरकस आणि जराही न दबलेली. मिशनरींनी आपल्याविषयी पुष्कळ लिहिले. आपल्याकडच्या एका बाईने त्यांच्या आठवड्याविषयी लिहिले ते मात्र जास्त वाचले जाते, ही साहित्याने केलेली परतफेड म्हणायला हरकत नाही.

या वाचनाच्या काळातच एका रविवारी अण्णांनी आपल्या वर्गातली हकिगत सांगितली. आठ वर्षांच्या एका मुलाने विचारले होते, "आजोबा, मी मराठी का शिकायचं?" अण्णांनी शिक्षकाचे ठेवणीतले उत्तर दिले, "तुझ्या आजीशी बोलता यावं म्हणून." मुलगा क्षणभर विचार करून म्हणाला, "पण आजी इंग्लिश शिकली तर?"

अण्णा हे सांगून हसले. मागे उभी असलेली आई हसली नाही, कारण ती खरेच इंग्रजी शिकत होती.

आई-अण्णांचा तिकडचा आठवडा आता आम्हांला पाठ आहे. सोमवारी सकाळी दादा-वहिनी कामावर जातात, आई मुलांचे डबे भरते आणि अण्णा शाळेच्या बसपर्यंत त्यांना सोडायला जातात. बुधवारी कचऱ्याचे डबे रस्त्याकडेला नेऊन ठेवायचे ते काम अण्णांचे, आणि कोणता डबा कोणत्या आठवड्यात हे लक्षात ठेवण्याचे काम आईचे. गुरुवारी आईचा उपास. शुक्रवारी अण्णा रविवारच्या वर्गासाठी हाताने अक्षरे काढून कागद तयार करतात. शनिवारी कपडे, किराणा, देऊळ. आणि मंगळवारी सार्वजनिक वाचनालयात आईचा इंग्रजीचा वर्ग. तो चालवतात एक अमेरिकन पती-पत्नी, दोघेही सत्तरीचे, निवृत्त, चर्चला नेमाने जाणारे. एक पैसाही न घेता आठ-दहा देशांच्या आजी-आजोबांना ती दोघे 'धिस' आणि 'दॅट' शिकवतात.

पहिल्या नाताळाला त्यांनी आईला आपल्या चर्चमध्ये बोलावले. अण्णांचा चेहरा पडला. ज्या व्याख्यानावर आम्ही पोट भरतो त्याची पहिली आवृत्ती आम्ही लहानपणी अण्णांच्या तोंडून ऐकलेली आहे. त्यातला 'हेतू' हा शब्द ते दाबून उच्चारत. "तू जाऊ नकोस," ते म्हणाले, "आधी भाषा, मग कॉफी, मग पुस्तक, हा क्रम मला ठाऊक आहे." आई गेली. परत आल्यावर तिने एवढेच सांगितले, की गाणी झाली, सगळे शांत बसले, मग कॉफी दिली, केक फार गोड होता. पुढे श्रावणात तिने सत्यनारायणाला त्या दोघांना बोलावले. ते आले. पाय मुडपता येईनात म्हणून खुर्चीवर बसले, कथा कळली नाही तरी शेवटपर्यंत थांबले, आणि शिरा दोनदा मागून घेतला.

"मग?" आम्ही विचारले.

"मग काय?" आई म्हणाली. "मंगळवारी पुन्हा वर्ग."

आईच्या या तीन शब्दांत आमच्या व्याख्यानातून निसटलेला भाग होता. आम्ही हेतूचा तपास करीत बसतो, आणि तिकडे मंगळवार येतच राहतो. हेतू खोटा असतो असे नव्हे. त्या निवृत्त जोडप्याच्या मनात काही नसेलच असे आम्ही म्हणणार नाही, आणि अण्णांच्या मनात तरी काही नाही असे कसे म्हणावे? तीही मुले आपली व्हावीत, आपल्याकडची व्हावीत, आपल्यामागे आपली अक्षरे त्यांनी गिरवावीत, ही इच्छा घेऊनच अण्णा रविवारी इस्त्रीचा सदरा घालतात. ज्या मुलांना मराठीची गरज वाटत नाही त्यांच्यापर्यंत ती नेणे, त्यासाठी गाणी, गोष्टी, खाऊ यांचा आधार घेणे, गळती झाली की दुःखी होणे. याला आपण संस्कार म्हणतो. हेच दुसऱ्या कोणी आपल्या मुलांच्या बाबतीत केले की शब्द बदलतो.

आम्ही हे अण्णांना बोलून दाखवले नाही. त्याऐवजी जस्टिन अ‍ॅबट यांच्याविषयी सांगितले.

अ‍ॅबट यांचे वडीलही अमेरिकन मराठी मिशनचे. स्वतः जस्टिन अ‍ॅबट यांनी १८८१ ते १९१० अशी जवळजवळ तीस वर्षे मुंबईत काम केले. टिळकांचा १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला तेव्हा ते इथेच होते. १९१० नंतर ते अमेरिकेला परतले आणि न्यू जर्सीतल्या समिट या गावी राहिले. इथपर्यंत ही निवृत्त मिशनऱ्याची नेहमीची कहाणी. पुढचे मात्र नेहमीचे नाही. सत्तरी ओलांडल्यावर या गृहस्थांनी महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी भाषांतरमाला हाती घेतली. १९२६ मध्ये भानुदास, १९२७ मध्ये एकनाथ, मग भिक्षुगीता, दासोपंत, १९२९ मध्ये बहिणाबाईंचे आत्मचरित्र आणि अभंग, १९३० मध्ये तुकाराम, १९३२ मध्ये रामदास. महिपतीच्या 'भक्तविजया'चे काम पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने चालू असतानाच १९३२ मध्ये अ‍ॅबट वारले. ते ग्रंथ त्यांच्यामागे इतरांनी पुण्याहून प्रसिद्ध केले.

समिट हे गाव दादाच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर आहे. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथे त्याला मराठी बोलायला कोण होतं रे?"

आम्ही अ‍ॅबट यांच्यावर दोनदा व्याख्यान दिलेले आहे. हा प्रश्न आम्हांला सुचला नव्हता. समिटमध्ये धर्मांतर करण्याजोगे कोणी नव्हते. मराठीतून उपदेश करण्याचे प्रयोजन संपले होते. उलट आता ओघ फिरला होता, आणि अमेरिकेत बसून हा मनुष्य अमेरिकनांना नाथ-तुकोबा सांगत होता. त्यांचा ख्रिस्ती धर्म सुटला होता असे मुळीच नाही. आपल्या श्रद्धेच्या चष्म्यातूनच त्यांनी संतांकडे पाहिले असेल. परंतु वयाच्या सत्तरीनंतर, रोज सकाळी, प्राकृत ओवी समोर घेऊन बसण्यासाठी नुसता हेतू पुरत नाही. ज्या भाषेत आपण तीस वर्षे लोकांना काही सांगायला गेलो, त्या भाषेने आपल्याला काय सांगितले, हे तपासून पाहण्याची ती वेळ असावी. हा आमचा तर्क आहे, पुरावा नाही. पण अण्णांच्या प्रश्नाने तो आम्हांला सुचवला.

त्याच्या पुढच्या शनिवारी अण्णांनी दादाला गाडी काढायला लावली. समिटला जाऊन त्यांनी काय पाहिले? फारसे काही नाही. रेल्वे स्टेशन, झाडे, टुमदार घरे. गावात कोणाला विचारावे तेही कळेना. एका बाकावर बसून डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या आणि परत आले. दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र त्यांनी मुलांना सांगितले, की तुमच्या या राज्यात, शंभर वर्षांपूर्वी, एक म्हातारा अमेरिकन होता आणि तो एकनाथ वाचायचा. मागच्याच आठवड्यात 'का' विचारणाऱ्या त्या मुलाने पुन्हा विचारले, "का?" अण्णा म्हणाले, "मला माहीत नाही." चाळीस वर्षांच्या शिक्षकीत अण्णांनी वर्गासमोर हे वाक्य उच्चारल्याचे आम्हांला तरी ठाऊक नाही. मुलगा म्हणे त्यानंतर दोन तास शांत बसला आणि जाताना त्याने एकनाथांचे नाव पाटीवर काढून दाखवले, त्यात 'थ' उलटा होता.

आमच्या वर्गातही काही बदलले. त्या व्याख्यानाचा समारोप आम्ही काढून टाकला. गोराईच्या मुलीला उत्तर द्यायचे सोडून आम्ही सगळ्या वर्गाला एक काम दिले: आपापल्या घरातली एखादी प्रार्थना, आरती, दुवा, वंदना, जे असेल ते, घरच्या उच्चारांत ऐकून जसेच्या तसे लिहून आणायचे. नऊजणांनी नऊ मजकूर आणले. गोराईच्या मुलीने आजीची झोपायच्या वेळची प्रार्थना आणली होती. ती तिने वाचली तेव्हा वर्गातल्या मालवणकडच्या मुलाने दोन शब्दांना मान हलवली, ते त्याच्या घरात होते. आम्हांला ते ठाऊक नव्हते. एम. ए. मराठी झालेल्या प्राध्यापिकेने विद्यार्थिनीकडून मराठी शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून घेतले. 'मराठीचा पदर' कोणाचा, या प्रश्नाचे हे उत्तर झाले असे आम्ही म्हणत नाही. तिला पुढच्या मुलाखतीत पुन्हा कोणीतरी विचारीलच. परंतु त्या वर्गातील आठजण तरी तिला तो प्रश्न विचारणार नाहीत.

आता आठवड्याविषयी शेवटचे. रविवार हा आपला सुटीचा दिवस, असे आपण इतके सहज धरून चालतो, की तो कोणाचा होता हे विसरतो. तो साहेबाबरोबर, त्याच्या देवळाबरोबर आला. पण मुंबईच्या गिरणीतील कामगाराला तो मिळाला १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीतून, आणि लोखंडे म्हणत की रविवार हा आमच्या खंडोबाचाही वार आहे. बाहेरून आलेली वस्तू आपली कशी होते याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. कोणी तरी ती मागून घ्यावी लागते, आणि मागताना आपल्या देवाचे नाव तिच्यावर घालावे लागते. न्यू जर्सीतल्या रविवारी मराठी शाळा भरते ती तरी दुसऱ्या कशामुळे? तिथे तो दिवस मोकळा असतो म्हणून.

या डिसेंबरात आई-अण्णा रजेवर आले. ग्रीन कार्ड सांभाळायचे तर फार दिवस बाहेर राहता येत नाही, आणि सोडायचे तर एकदाच काय ते ठरवावे लागते. दादा म्हणतो, आता तिकडेच राहा, चारकोपचे घर भाड्याने द्या. आम्ही म्हणतो, इकडेच राहा. आमचे म्हणणे निःस्वार्थ नाही. त्यांच्या वयाकडे पाहून आम्हांला भीती वाटते, की एखाद्या रविवारी पडद्यावर कपाळ दिसणार नाही आणि विमानाने अंतर कापायला लागणारा दीड दिवस तेवढा आमच्या हाती उरेल. ह्यूम यांचे वडील समुद्रावर गेले, ही ओळ वाचताना आम्ही दोघेही एकमेकांकडे न पाहता पान उलटले होते.

परवा जेवताना आम्ही विषय काढलाच. अण्णांनी वरण-भात कालवता कालवता सांगितले, की त्यांच्या वर्गात जानेवारीपासून तीन नवी मुले येणार आहेत. आम्ही आईकडे पाहिले. तिने उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आम्हांला घेऊन चारकोपच्या बाजारात गेली. अण्णांसाठी बाराखडीचे तक्ते घेतले, मुलांसाठी पाटी-पेन्सिली घेतल्या. आणि मग, आम्ही न विचारता, एका दुकानात थांबून तिने मराठी-इंग्रजी संभाषणाची दोन पुस्तके मागितली.

"दोन कशाला?" आम्ही विचारले.

"एक माझं," ती म्हणाली. "आणि एक त्या बाईंना. मला शिकवतात ना, त्या परवा विचारत होत्या, 'थँक यू'ला मराठीत काय म्हणतात."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याची तिकिटे काढलेली आहेत. ती रद्द करायची की नाही ते अजून ठरलेले नाही. तुळशीला पाणी कोणी घालायचे, ते मात्र ठरले आहे.